रिकाम्या ट्यूबचे वजन

मित्रांनो, मी त्वचेच्या दवाखान्यातला एक जुना वजनकाटा आहे. तळहाताएवढी स्टीलची ताटली, खाली पांढरी पेटी, पुढे हिरवे आकडे दाखवणारी छोटी काच आणि चार रबरी पाय. त्यातला एक पाय तुटला, तेव्हापासून त्या कोपऱ्याखाली घडी घातलेला पुठ्ठा आहे. मला ग्रॅमचा दहावा भाग कळतो. तुमचे वजन मला पेलणार नाही. तुमचे दप्तरही माझ्यावर ठेवू नका. पण तुमच्या खोडरबराचे वजन मी बिनचूक सांगेन.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मी आजवर एकदाही चुकीचा आकडा दाखवलेला नाही. ही फुशारकी नाही. पुढे जे घडले ते ऐकताना तुम्हाला वाटेल की काट्याचाच काहीतरी घोळ झाला असेल. घोळ झाला नव्हता. मला बसलेला धक्का नेमका त्याच गोष्टीचा आहे आणि तो अजून गेलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे प्रत्येक टेबलावर एकेक माणूस माझ्यात एकेक भाग बसवत गेला. शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांच्यापुढे लाकडी पेटीत पितळेची वजने मखमलीवर मांडलेली असत. ती वजने ते कधी हाताने उचलत नसत, चिमट्याने उचलत. बोटांचा तेलकटपणा लागला तरी वजन वाढते, असे ते नव्या कामगारांना सांगत. त्यांनी माझ्यावर आधी शंभर ग्रॅम ठेवले, मग पन्नास, मग एक. तिन्ही वेळा मी बरोबर उत्तर दिले. त्यांनी माझ्या पोटावर हिरवा कागद चिकटवला आणि मी शाळेतून पास होऊन बाहेर पडलो.

माझी पहिली नोकरी औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होती. तिथले दुकानदार काचेच्या लादीवर पांढऱ्या मलमात औषधाची पूड घालून पातळ सुरीने कालवत. पूड मी मोजून देत असे. ‘काटा आहे म्हणून मला नीट झोप लागते,’ असे ते म्हणायचे. पुढे सगळी मलमे तयार ट्यूबमधून येऊ लागली. कालवण्याचे काम थांबले. मला खोक्यांच्या वर फळीवर टाकून दिले. तीन वर्षे माझ्या ताटलीवर धूळ साचली. एक झुरळ रोज माझ्यावरून जायचे. कुणी मला चालू केले असते, तर मी त्याचेही वजन सांगितले असते.

तिथून मला डॉक्टरांनी उचलले. हे डॉक्टर त्वचेचे. त्यांच्याकडे येणाऱ्यांत निम्म्यांना एक्झिमा होता. मित्रांनो, एक्झिमा म्हणजे अशी कातडी, जी लवकर कोरडी पडते, लाल होते, खाजते आणि खाजवले की आणखी खाजते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यावर डॉक्टर मलम देत. मलम चांगले होते. तरी कितीतरी रोगी तसेच्या तसे परत येत. डॉक्टर विचारत, “लावता ना रोज?” आणि जो तो म्हणे, “लावतो की.”

डॉक्टर कंटाळले. त्यांनी एक पद्धत काढली. प्रत्येकाने येताना आपली ट्यूब बरोबर आणायची. सिस्टर ती माझ्यावर ठेवणार. भरलेल्या ट्यूबचे वजन छत्तीस ग्रॅम, त्यातले तीस मलमाचे आणि सहा नुसत्या ट्यूबचे, टोपणासकट. किती मलम संपले ते लगेच कळणार.

“तुम्ही काही सांगू नका,” डॉक्टर म्हणायचे, “काटा सांगेल.”

माझी किती चैन होती ते काय सांगू. दारातून येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे बघायचा. माझे टेबल बाहेरच्या खोलीत होते, समोर लांब बाक. त्या बाकावर आठ माणसे दाटीवाटीने बसत. माझा आकडा सिस्टर मोठ्याने वाचत, कारण आत बसलेल्या डॉक्टरांना तो ऐकू जायला हवा. साहजिकच तो बाकावरच्या आठही माणसांना ऐकू जायचा. यात काही चूक आहे हे मला कधी जाणवले नाही. सिस्टरांनाही नाही.

सिस्टर तेवीस वर्षे नोकरीत होत्या. हात हलका, जीभ तिखट. लहान मुलाला सुई टोचली तरी ते हसतच असायचे आणि त्याच्या बापाला मात्र घाम फुटलेला असायचा. सगळे त्यांना वचकून होते आणि सगळ्यांना सुई त्यांच्याच हातची हवी असायची.

एका सकाळी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आई तयार कपड्यांच्या शिवणखोलीत काज आणि बटणे करायची. मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसायचीच नाही. पण त्या दिवशी ती बसली होती. उन्हाळा असूनही लांब बाह्यांचा फ्रॉक. कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांमागे, मनगटांवर आणि मानेवर कातडी लाल आणि चिरलेली होती. शाळेत गोल करून खेळायचे तेव्हा तिचा हात कुणी धरत नसे. बाईंनी तिला एकटीला शेवटच्या बाकावर बसवले होते, ‘इतरांना नको’ म्हणून. आई रोज सकाळी चादरीवरचे रक्ताचे ठिपके धुवायची. हे सगळे तिने डॉक्टरांना सांगितले तेव्हा आतले दार उघडेच होते. डॉक्टरांनी दोन औषधे दिली. एक, अंगभर लावायला मऊपणा देणारे मलम, मोठ्या डब्यात. दुसरी, लाल जागांवर लावायची औषधाची ट्यूब, रोज एकदा.

तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. सिस्टरांनी ट्यूब माझ्यावर ठेवली. मी आकडा दाखवला आणि मीच दचकलो. चौतीस पूर्णांक आठ.

“चौतीस पॉइंट आठ,” सिस्टर म्हणाल्या. “तीन आठवड्यांत सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. ताई, ट्यूब काय शोकेसमध्ये ठेवली होती?”

बाक हसला. बाकावरचे एक आजोबा पाय खाजवत म्हणाले, “जपून वापरतात हो. नातवंडांना होईल.”

बाक आणखी हसला.

“लावते मी रोज,” आई म्हणाली. “एक दिवस चुकवलेला नाही.”

“रोज लावता, मग संपत का नाही? का रात्रीतून परत भरते?”

आईने ट्यूब उचलून पर्समध्ये टाकली. तिचे कान लाल झाले. भिंगरी आईच्या ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत बसली. आतून डॉक्टर म्हणाले, “तीस ग्रॅम पंधरा दिवसांत संपायला हवेत. लावा नीट.” आणि पुढचा नंबर आला.

मित्रांनो, त्या खोलीत दहा मोठी माणसे होती. ‘ताई, तुम्ही लावता कसं ते दाखवा बरं,’ असे एकानेही म्हटले नाही. मी तर काटाच. मला तोंड नाही. पण बाकीच्यांना होते.

त्यानंतर सगळे बदलले. पंधरा दिवसांनी, पुढच्या खेपेला, आईने ट्यूब स्वतःहून पर्समधून काढली आणि टेबलावर ठेवली. ट्यूब चपटी, कागदासारखी. माझ्यावर आकडा आला सहा पूर्णांक दोन.

“सहा पॉइंट दोन,” सिस्टर ओरडल्या तेव्हा त्यांच्या आवाजात कौतुक होते. “शाब्बास. त्या दिवशी बोलले म्हणून राग आला असेल.”

“नाही हो सिस्टर.”

“यायलाच हवा. राग आल्याशिवाय कामं होत नाहीत.”

बाकावरच्या एका काकूंनी मान डोलावली. भिंगरीने काहीतरी बोलायला तोंड उघडले, तेव्हा आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी पाहिला होता. मला त्याचा अर्थ कळला नाही.

खरे तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी हजारो वापरलेल्या ट्यूबा तोलल्या आहेत. खरोखर रोज लावणाऱ्या माणसाची ट्यूब साडेसात भरते, कधी नऊ, कधी अकरा. कारण तळाच्या घडीत थोडे उरते, गळ्याशी थोडे सुकते. सहा पूर्णांक दोन एवढी साफ रिकामी ट्यूब मी कधी पाहिली नव्हती. एखाद्याची वही जरा जास्तच स्वच्छ असावी तशी. पण आकडा चांगला होता, सगळे खूश होते, आणि मीही कौतुकात न्हालो.

फक्त भिंगरी बरी होत नव्हती.

डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. मान पाहिली. मग त्यांनी जास्त कडक मलमाची ट्यूब दिली. पंधरा दिवसांनी तीही आली. सहा पूर्णांक दोन. आणखी पंधरा दिवसांनी तिसरी. सहा पूर्णांक तीन. आणि मुलगी होती त्याहून वाईट. मनगटावर एका जागी पिवळे पाणी सुटले होते. शाळेत आता ती जातच नव्हती, कारण खाजवताना सगळे बघतात.

त्या दिवशी डॉक्टरांनी तिचे आधीचे सगळे कागद पुन्हा चाळले. मग त्यांनी आईला समोर बसवले. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“मलमानं भागत नाहीये,” ते म्हणाले. “आता पोटातून गोळ्या द्याव्या लागतील. या गोळ्या शरीराची रोगाशी लढायची ताकद दाबतात. आज रक्त तपासू. मग सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी परत तपासायचं. ताप आला तर घरी बसायचं नाही, ताबडतोब इथं यायचं. शाळेत कुणाला कांजिण्या झाल्या, तर हिला पाठवायचं नाही.”

आईने विचारले, “मलमापेक्षा या गोळ्या साध्या असतात ना, डॉक्टर?”

“नाही. मलम लावलेल्या जागेपुरतं काम करतं. गोळ्या सगळ्या अंगात जातात. मी सुखासुखी देत नाहीये. पण तुम्ही तीन ट्यूबा संपवल्यात. काट्यावर दिसतंय. मग माझ्याकडे दुसरं काय उरलं?”

काट्यावर दिसतंय. मित्रांनो, ते माझ्याबद्दल बोलत होते.

आई उठली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटले, मुलीच्या काळजीने. मी आकड्यांत हुशार आहे. चेहरे मला वाचता येत नाहीत.

रक्त बाहेरच्या खोलीतच घेत. सिस्टरांनी मला टेबलाच्या कडेला सरकवले, कापूस आणि सुई मांडली आणि भिंगरीची बाही वर केली. दंडाला रबरी पट्टा बांधला. भिंगरीने विचारले, “दुखेल?”

“मुंगी चावते तेवढं. मोठी मुंगी.”

“किती मोठी?”

“शाळेत जाणारी,” सिस्टर म्हणाल्या आणि शीर शोधायला त्यांनी कोपराच्या खोबणीवरून अंगठा फिरवला. फिरवला आणि थांबवला. परत फिरवला. मग त्यांनी सुई खाली ठेवली.

“ताई, आज मलम लावलंत?”

“लावलं की. सकाळीच.”

“ही कातडी मलम पाहिलेली वाटत नाही,” सिस्टर हळू म्हणाल्या. हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. “खरबरीत आहे नुसती. परत लावा बघू. माझ्यासमोर. रोज लावता तसंच.”

पर्समध्ये पुढच्या खेपेसाठी आधीच घेतलेली नवी ट्यूब होती. आईने टोपण काढले. बोटाच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका घेतला. तो मुलीच्या कोपरावर मधोमध टेकवला आणि एका बोटाने गोल गोल चोळत राहिली, तो नाहीसा होईपर्यंत. मग दुसऱ्या कोपरावर तसाच दुसरा ठिपका. फार काळजीने लावत होती. एखादे बारीक काज करावे तसे.

“झालं,” ती म्हणाली.

“झालं?”

“हो. एवढंच लावते. मशीनला तेल घालताना एक थेंब पुरतो, जास्त घातलं की कापडाला डाग पडतो. आणि ही स्टिरॉइडची ट्यूब आहे ना. माझ्या बहिणीनं सांगितलं, जास्त लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते. ट्यूबबरोबरच्या कागदावरपण छापलंय.”

सिस्टरांनी मला जवळ ओढले. ताटलीवर कागदाचा तुकडा ठेवून मला शून्यावर आणले. “तेवढाच ठिपका यावर काढा.”

आईने काढला. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण मला काहीच जाणवले नाही. शून्य पूर्णांक शून्य.

“आता दिवसभराचे सगळे काढा. मान, मनगटं, गुडघे, सगळं.”

आई एकेक ठिपका मोजत काढत गेली. आठवा ठिपका पडला तेव्हा मी कुठे हललो. शून्य पूर्णांक एक.

सिस्टरांनी मनात हिशेब केला. त्यांचे ओठ हलत होते. मग त्या आईकडे बघत राहिल्या.

“दिवसाला पॉइंट एक. म्हणजे तीस ग्रॅमची ट्यूब तुम्हाला तीनशे दिवस पुरेल. तुम्ही तर दोन महिन्यांत तीन संपवल्यात. ताई, ते मलम गेलं कुठे?”

आई माझ्याकडे बघत होती, जणू मी आता काहीतरी बोलणार.

“बेसिनमध्ये,” भिंगरी म्हणाली.

“काय?”

“इथं यायच्या दिवशी सकाळी. आई शिवणाची लाकडी पट्टी दाबून फिरवते आणि पांढरी गोगलगाय निघते, एवढी लांब. मी नळ सोडते. पण गार पाण्यानं ती जात नाही, चिकटून बसते. मग आई गरम पाणी ओतते.”

तिने हे अगदी सरळ सांगितले. तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते. तिला वाटत होते, सगळ्यांच्याच घरी असे करतात. दवाखान्यात जायच्या आधी करायचे काम, केस विंचरण्यासारखे.

मित्रांनो, मला जे वाटले ते सांगायला माझ्याकडे आकडा नाही. तीन वेळा माझ्यावर सहा पूर्णांक काहीतरी आले होते. तिन्ही वेळा ते वजन खरे होते. आणि त्या खऱ्या वजनावर भरवसा ठेवून, ज्या मुलीच्या अंगाला औषध लागलेच नव्हते, तिला औषध लागू पडत नाही असे ठरले होते. तिच्या दंडाला पट्टा बांधलेला होता. सुई दोन वितींवर पडली होती.

सिस्टरांनी आधी तो पट्टा सोडला. मग त्या स्टुलावर बसल्या. सकाळभर उभ्या होत्या, त्या बसल्या.

“पण का, ताई?”

“त्या दिवशी सगळे हसले,” आई म्हणाली. आवाज वाढवला नाही, रडलीही नाही. “मी रोज लावत होते. एक दिवस चुकवला नव्हता. कामावरून आले की पर्ससुद्धा खाली न ठेवता आधी तिला लावायची. आणि इथं सगळ्यांना वाटलं, हिला पोरीची फिकीर नाही. जास्त लावायची भीती वाटत होती. ट्यूब भरलेली आणायची लाज वाटत होती. मग म्हटलं, रिकामी दिसली की झालं.”

“अहो, पण आज मी तिला सुई टोचत होते. गोळ्या सुरू होणार होत्या.”

“म्हणून तर मी आत विचारलं, त्या साध्या असतात का. ते हो म्हणाले असते, तर...” तिने वाक्य तिथेच सोडले. ते पुरे करायची तिला भीती वाटत असावी. मलाही वाटली.

डॉक्टर दारात येऊन उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. ते टेबलाशी आले. गोळ्यांची चिठ्ठी आईच्या हातातून घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि खिशात घातली.

“गोळ्या नकोत,” ते म्हणाले. “आपण अजून औषध सुरूच केलेलं नाही. ती कडक ट्यूबपण नको, पहिलीच पुरे.” मग थोडे थांबून म्हणाले, “तुमच्या भीतीबद्दल मी एकदा विचारायला हवं होतं. मी दोन महिने काट्याला विचारत बसलो.”

बाकावरच्या त्या आजोबांचा नंबर त्या दिवशीही होता. ते खाली बघत म्हणाले, “बाई, मी बोललो होतो ते विसरा.” आई ट्यूबचे टोपण लावत राहिली. उत्तर द्यायलाच हवे असे काही नव्हते.

पुढचा अर्धा तास बाकीचे रोगी खोळंबले, पण कुणी कुरकुरले नाही. सिस्टरांनी आईचे पहिले बोट सरळ करायला लावले. टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची सरळ पट्टी काढली.

“हे एक बोट. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला लागतं, बोटांसकट. माणसाचे तळहात, बाहुलीचे नाही.”

तशीच एक पट्टी त्यांनी माझ्यावर ठेवलेल्या नव्या कागदावर काढली. मी अर्धा ग्रॅम दाखवला.

“एवढं?” आई म्हणाली. तिला खरेच धक्का बसला होता.

“एवढं. हिच्या सगळ्या जागांना मिळून अशी चार बोटं, रोज एकदा. म्हणजे दोन ग्रॅम. आता करा हिशेब, ट्यूब किती दिवसांत संपते.”

“पंधरा,” भिंगरी म्हणाली. शाळेत जात नसली तरी तिचे गणित शाबूत होते.

मलम चोळून जिरवायचे नसते, केसांच्या दिशेने हलके पसरायचे असते, हे सिस्टरांनी तिच्या कोपरावर करून दाखवले. अंघोळ झाली की लगेच डब्यातले मऊ मलम सगळ्या अंगाला लावायचे, मग पंधरावीस मिनिटे थांबून लाल जागांवर ट्यूबमधले. दोन्ही एकदम कालवायचे नाही. कातडी पातळ होण्याच्या भीतीवर डॉक्टर बोलले. “तुमची बहीण अगदीच खोटं सांगत नाही. कुणाला न विचारता महिनोन्महिने कडक मलम लावणारे असतात, चेहऱ्याला गोरेपणासाठी लावणारे असतात. त्यांचं तसं होतं. पण हे मलम ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस लावायचं. कातडी हाताला गुळगुळीत लागली की मला दाखवायचं, मी कमी करून देईन. नुसती लाली गेली म्हणून स्वतःच्या मनानं बंद नाही करायचं. आणि आता ती नखांनी जी कातडी काढतेय, ती कुठली जाड होतेय?” मनगटावर पाणी सुटलेल्या जागेसाठी त्यांनी वेगळे औषध लिहून दिले आणि आठवड्याने दाखवायला बोलावले.

आईने हे सगळे शिवणाच्या मापांच्या वहीत लिहून घेतले. छाती, कंबर, बाही यांच्या खाली: कोपर दोन्ही मिळून एक बोट, गुडघे एक, मनगटे एक, मान एक.

त्या दिवसानंतर माझी जागा बदलली. ट्यूबा तोलणे बंद झाले. मला आतल्या खोलीत नेले, दार लावून बसता येते तिथे. आता मी फक्त एक बोट मलम म्हणजे किती, हे नव्या लोकांना दाखवतो. दिवसातून चारपाच वेळा अर्धा ग्रॅम, बस. पूर्वी माझ्याकडे बघून लोक घाबरायचे, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. ते आठवले की आजही माझी ताटली गार पडते.

मनगट आठवड्यानेच दाखवून झाले होते. साडेतीन आठवड्यांनी भिंगरी परत आली. अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक घालून आली आणि बाकावर बसलीच नाही, खोलीभर फिरत राहिली. कोपरात लाली नव्हती, थोडा काळसर डाग तेवढा होता. डॉक्टर म्हणाले, तो हळूहळू जाईल, तो मलमाचा नाही, आजाराचा आहे. शाळेतल्या बाईंसाठी त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली की हा आजार कुणाला लागत नाही, हिला सगळ्यांबरोबर बसवा.

दार उघडे होते, म्हणून मला बाहेरचे सगळे दिसत होते. आईने सवयीने ट्यूब काढून बाहेरच्या टेबलावर ठेवली. सिस्टरांनी ती तोलली नाही. त्यांनी विचारले, “कसं चाललंय? खरं सांगा हं, मी चावत नाही.”

आईने बाकाकडे पाहिले. आठ माणसे होती. मग ती म्हणाली, “दुसऱ्या ट्यूबमध्ये बरंच उरलंय. मागच्या आठवड्यात दोन दिवस लावायचं राहिलं. घरी पाहुणे होते, मी विसरले.”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या आणि लिहून घेतले. “मग तिसऱ्या दिवशी?”

“लावलं. चार बोटं.”

बाकावर कुणी हसले नाही. एक नवीन आलेली मुलगी मात्र पुढे झुकून ऐकत होती. तिच्या मांडीवर एक ट्यूब होती, गच्च भरलेली, आणि ती तिने इतका वेळ रुमालाखाली झाकली होती. तिने रुमाल काढला.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. एके दिवशी माझी काच विझेल आणि मी पुन्हा एखाद्या फळीवर जाईन. त्याआधी एवढे मागतो. तुमच्या अंगाला किंवा घरातल्या कुणाच्या अंगाला असे मलम लावत असतील, तर एकदा डॉक्टरांसमोर लावून दाखवा आणि बरोबर आहे का ते विचारा. भीती वाटत असेल तर भीती वाटते असे सांगा. दोन दिवस चुकले असतील तर दोन दिवस चुकले म्हणा. आणि तुमच्यासमोर दुसरे कुणी तसे सांगत असेल, तर बाकावर बसून हसू नका. तेवढे करा.